ठिपके दिसले की शाई वाढवायची?

प्रश्न: शाळेनंतर चित्रकला सुटली ती सुटलीच. आता प्रिंटमेकिंग, म्हणजे ठसा कोरून त्यावरून चित्रं छापणं, शिकावंसं वाटतंय. एक तयार संच आणला आणि १५ बाय २० सेंटिमीटरचा लिनो (लिनोलियमचा, कोरायला सोपा तुकडा) कोरला. वर झाड, खाली लेकीचं नाव. कोरायला तीन रविवार गेले. छापायला बसले आणि पाऊण तासात सगळा विचका झाला. काळ्या भागात पांढरे ठिपके आले म्हणून शाई वाढवली, तर पानांच्या शिरा बुजल्या आणि ठिपके होते तिथेच राहिले. नाव उलटं आलं ते वेगळंच. शाई संचातलीच, पाण्याने धुता येणारी. कागद जलरंगाचा, ३०० ग्रॅमचा (म्हणजे दर चौरस मीटरला). दाब द्यायला वर फळी ठेवून तिच्यावर उभी राहिले. छपाईची प्रेस घ्यावी का? की लिनो सोडून एचिंग (रसायनाने धातूच्या पत्र्यावर खाचा पाडून छापणं) किंवा स्क्रीनप्रिंटिंगकडे (जाळीतून शाई दाबून छापणं) वळू? आणि हा कोरलेला ठसा आता टाकूनच द्यायचा का?

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे कोरायला तीन रविवार आणि छापायला पाऊण तास. नवख्यांची वेळेची वाटणी बहुतेक अशीच असते, आणि बिघाड सहसा त्या पाऊण तासात असतो. तुमचं कोरणं वाईट असेल असं वाटत नाही. शिरा बुजल्या, म्हणजे त्या नीट कोरलेल्या होत्या. शाई लावणं आणि दाब देणं मात्र राहून गेलं आहे, आणि खरं तर ते कोरण्याच्याही आधी शिकायचं असतं.

ठिपका म्हणजे त्या जागी शाई कागदावर उतरली नाही. याची कारणं तीनच: ठशावर शाई नव्हती, होती पण वाळली होती, किंवा कागद तिथे टेकलाच नाही. तुमच्या बाबतीत पहिलं कारण नव्हतं, उरलेली दोन्ही होती. जलरंगाचा कागद मुद्दाम खडबडीत केलेला असतो. ३०० ग्रॅमचा असला की तो सहज वाकतही नाही, त्यामुळे त्याचे खळगे शाईपासून अधांतरी राहतात. दाबाचा हिशेब करून बघा. ठसा ३०० चौरस सेंटिमीटरचा. अंगाचं वजन ६० किलो धरलं तर दर चौरस सेंटिमीटरला २०० ग्रॅम पडतात. निम्मा भाग कोरून काढलेला असला तरी ४०० ग्रॅमच. उलट लाकडी चमच्याची पाठ एका वेळी जेमतेम एक चौरस सेंटिमीटर जागेवर टेकते आणि हाताने तिच्यावर तीन-चार किलो जोर सहज देता येतो. म्हणजे फळीवर उभं राहून मिळाला त्याच्या आठ-दहा पट दाब चमच्याने मिळतो, फक्त तो थोडा थोडा करत सगळीकडे फिरवावा लागतो.

आता वाढवलेल्या शाईचं काय झालं ते. ती खळग्यांत चढत नाही. दाब पडला की जिकडे मोकळी जागा असेल तिकडे सरकते, आणि मोकळी जागा म्हणजे तुमच्या पानांच्या शिरा. एकाच छापात शाई कमीही दिसते आणि जास्तही, ती अशी. म्हणून ठिपके दिसले की शाईला हात लावायचा नाही. आधी कागद बघा, मग दाब, मग शाई वाळतेय का ते. शाईचं प्रमाण सगळ्यात शेवटी.

कागद पातळ आणि गुळगुळीत घ्या. सरावाला झेरॉक्सचा ८० ग्रॅमचा कागदही चालतो. चांगल्या छापांसाठी तुतीच्या धाग्यांचा जपानी कागद मिळाला तर उत्तम. तो ३५ ते ६० ग्रॅमचा, दिसायला नाजूक पण धागे लांब असल्याने चिवट असतो, आणि चमच्याने घासायला त्याच्यासारखा दुसरा नाही. चित्रकलेचा गुळगुळीत कार्ट्रिज कागद १२० ग्रॅमपर्यंत हाताने जमतो. त्यापुढचा जाड कागद हात बसेपर्यंत बाजूला ठेवा. तोवर पुरतील एवढे साधे कागद हाताशी असू द्या, कारण चांगला कागद पुढ्यात असला की माणूस बिचकतो आणि बिचकलेला हात दाब कमी देतो.

संचातली पाण्याची शाई धुवायला सोपी, पण पातळ थरात ती काही मिनिटांत सुकते, आणि पंखा चालू असेल तर तुम्ही कागद ठेवेपर्यंतच. तीच वापरायची असेल तर पंखा बंद करा, एका वेळी छोटा ठसा छापा, कागद किंचित दमट करून घ्या आणि त्याच शाईसाठी मिळणारं, वाळणं लांबवणारं द्रव्य थोडं मिसळा. पण सल्ला विचाराल तर तेलाची असूनही साबणपाण्याने निघणारी शाई घ्या. काळ्याची एकच ट्यूब. ही तासभर तरी ओली राहते, त्यामुळे घाई होत नाही. मोबदल्यात छाप सुकायला तीन दिवस ते आठवडा लागतो, थर जाड गेला तर त्याहूनही जास्त.

शाई लावायचा रोलर मऊ रबराचा हवा, १० सेंटिमीटर रुंद. भिंत रंगवायचा स्पंजचा रोलर नको. तो कोरलेल्या खाचांत शिरतो आणि शाईत बुडबुडे सोडतो. शाई पसरायला काच किंवा अॅक्रिलिकचा तुकडा, काचेच्या कडांना चिकटपट्टी लावून. शाई मळायला पॅलेट नाइफ (बोथट, लवचीक पात्याची सुरी), घासायला गोलसर पाठीचा लाकडी चमचा. छपाईला एवढंच लागतं.

आता पहिला धडा, आणि तो कंटाळवाणा आहे. लिनोचा ८ बाय ८ सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि त्यावर काहीही कोरू नका. तसाच कोरा छापा. एकसंध, मखमली काळा चौकोन कागदावर उतरेपर्यंत छापत राहा. यात चित्र नसतं, त्यामुळे चूक दडायला जागा नसते. दहा-बारा छापांत हात बराच कळता होतो.

शाई अर्धा छोटा चमचा पुरे. काचेवर पॅलेट नाइफने मिनिटभर मळा. थंड हवेत ती ताठ असते, मळल्यावर सैल होते. मग तिची रोलरच्या रुंदीएवढी पट्टी ओढा आणि रोलर एकाच दिशेने फिरवा. प्रत्येक फेरीच्या शेवटी रोलर उचलायचा, नुसता मागेपुढे रगडायचा नाही, कारण तसं केलं तर रोलरचा तोच तो भाग शाईवर येतो आणि बाकीचा कोरडा राहतो. थर बरोबर झाला की रोलरखाली बारीक, एकसारखी सळसळ ऐकू येते आणि शाईचा पृष्ठभाग साटिनसारखा दिसतो. चपचप आवाज येत असेल आणि शाई संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसत असेल तर ती जास्त आहे. जास्तीची पॅलेट नाइफने काढून कोपऱ्यात ठेवा. डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवा. हे विचित्र वाटेल, पण काळ्या शाईवरचा काळा थर डोळ्यांना नीट मोजता येत नाही.

ठशावर एकच जाड थर देण्यापेक्षा पातळ तीन-चार द्या. दर वेळी रोलर काचेवर पुन्हा भरून घ्या आणि एक थर उभा, तर पुढचा आडवा. रोलर ठशाहून थोडा रुंद असला की त्याच्या कडांच्या रेघा उमटत नाहीत, म्हणून तर तुकडा ८ सेंटिमीटरचा सांगितला. पहिले दोन-तीन छाप फिके येणारच. नवा लिनो सुरुवातीला शाई पितो. त्यांच्यावरून काहीही ठरवू नका.

कागद एका कडेने टेकवून हळूच सोडा आणि मग हलवू नका. वर बेकिंगचा बटर पेपर ठेवला तर चमचा सरकतो आणि खालचा कागद फाटत नाही. मधून सुरुवात करून छोट्या वर्तुळांत कडांकडे जा. ८ सेंटिमीटरच्या तुकड्याला दोन मिनिटं पुरतात. तुमच्या झाडाएवढ्या ठशाला आठ-दहा मिनिटं लागतील. पातळ कागदाच्या पाठीवर काळं झिरपताना दिसतं, तोच नकाशा समजा: जिथे फिकं, तिथे चमचा कमी फिरला. शंका असेल तर तळव्याने निम्मा कागद दाबून धरा आणि उरलेला निम्मा उचलून बघा. फिकं असेल तर उचललेल्या भागाखाली रोलर फिरवून पुन्हा शाई देता येते आणि कागद नेमका जागच्या जागी परत बसतो. ही युक्ती फार कमी जण पहिल्या दिवशी वापरतात, आणि निम्मे छाप उगीच वाया घालवतात.

प्रत्येक छापामागे पेन्सिलने दोन आकडे लिहा: रोलर किती वेळा भरला आणि किती मिनिटं घासलं. बारा छाप ओळीने मांडलेत की तुमच्या शाईला, तुमच्या कागदाला आणि तुमच्या हाताला काय लागतं ते आपोआप कळेल. दुसऱ्या कुणाचे आकडे इथे फारसे उपयोगाचे नाहीत.

आता कोरण्याबद्दल. खरा लिनो म्हणजे हवेत घट्ट झालेलं जवसाचं तेल, राळ आणि बुचाची भुकटी यांचा लगदा गोणपाटावर थापलेला. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने तो १८६०च्या दशकात जमिनीवर अंथरायला काढला, कलेत तो नंतर शिरला. जमिनीसाठी आज ‘लिनोलियम’ म्हणून जे विकलं जातं ते बहुतेकदा प्लास्टिक असतं. खात्री करायची तर पाठ बघा, गोणपाटाचं विणकाम दिसलं पाहिजे. तेलाचं घट्ट होणं कारखान्यातून बाहेर पडल्यावरही थांबत नाही, म्हणून जुना लिनो कडक होतो. किंचित वाकवल्यावर तडे गेले तर तो कोरायच्या कामाचा नाही. नुसता कडक असेल तर हेअर ड्रायरने कोमट करा, लोण्यासारखा नाही तरी चीजसारखा कापला जातो. पाच-सात मिनिटांत पुन्हा गार होतो, तेव्हा थोडा थोडा भाग गरम करत पुढे जा. रबरासारखे मऊ ठोकळेही मिळतात. शिक्के करायला ते छान, पण त्यांच्यावरची बारीक रेघ चमच्याखाली वाकते, म्हणून त्यावर शिकलेलं लिनोवर जसंच्या तसं लागू पडत नाही.

दोन कोरण्यांवर बरंच काम भागतं: बाह्यरेषेला व्ही आकाराच्या टोकाची बारीक, मोकळी जागा साफ करायला यू आकाराची रुंद. आकाराभोवती आधी व्हीने रेघ मारून घ्या. मोठी कोरणी घसरली तर या चरात अडकते, चित्रात शिरत नाही. साधारण ३ मिलिमीटर जाडीच्या लिनोत एक-दीड मिलिमीटर खोल गेलात की झालं, गोणपाट दिसायला नको. उभ्या राहणाऱ्या रेषेच्या दोन्ही बाजू डोंगराच्या उतारासारख्या ठेवा. खालून पोखरलेली रेष तिसऱ्या-चौथ्या छापाला तुटते. सुरुवातीला १ मिलिमीटरहून बारीक रेष ठेवू नका.

धार गेलेली कोरणी ओळखायची खूण: साल सलग निघत नाही, चुरा पडतो आणि हात आपोआप जास्त जोर लावू लागतो. बोटं कापतात ती अशाच वेळी. चामड्याच्या पट्टीवर धातूच्या पॉलिशचं द्रव्य चोळून दर पंधरा-वीस मिनिटांनी पातं पाठीच्या बाजूने ओढून घ्या. मोकळा हात कायम पात्याच्या मागे. वळणावर कोरणी वळवायची नाही, लिनो फिरवायचा. टेबलाच्या कडेला अडकणारी लाकडी अडणी असली तर लिनो धरून ठेवावा लागत नाही. फळीला एका टोकाला वरून आणि दुसऱ्या टोकाला खालून एकेक पट्टी ठोकली की ती तयार होते.

नाव उलटं का आलं? बहुधा कार्बन ठेवून तुम्ही नाव सरळ लिनोवर उतरवलंत. ठसा चित्र उलटवतो, म्हणून लिनोवर ते आधीच उलटं असायला हवं. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने, ४बी किंवा ६बीने, चित्र सरळ काढा. पेन्सिलीची बाजू खाली करून तो लिनोवर ठेवा आणि मागून चमच्याने घासा. उलट करायचं काम कागदच करतो. कोरण्याआधी लिनो आरशासमोर धरून नाव वाचून बघा, ‘उ’ आणि ‘ऊ’कारात गडबड हमखास होते. अक्षरं निदान दोन सेंटिमीटर उंच ठेवा, नाहीतर ‘ध’, ‘भ’, ‘छ’ यांच्या पोटातली बारीक जागा शाईने भरते. शिरोरेषा मात्र देवनागरीचं देणं आहे: सगळी अक्षरं एकमेकांना धरून राहतात, रोलरलाही तिचा आधार मिळतो. आणखी एक, आराखडा गिरवायला पर्मनंट मार्कर वापरू नका. तेलाच्या शाईत त्याचा रंग सुटून छापात सावली येते.

प्रेस आत्ता नको. प्रेस दाब देते, शाई लावत नाही. तुमच्या बिघाडाचा अर्धा भाग तिने सुटला असता आणि उरलेला आणखी ठळक झाला असता, कारण जास्त दाबाखाली जास्तीची शाई शिरांमध्ये आणखी जोरात शिरते. एकाच ठशाच्या तीस-चाळीस प्रती काढायची गरज पडू लागली किंवा जाड कागदच हवा असं ठरलं, तर तेव्हा विचार करा.

एचिंगकडे वळायचं कारणही दिसत नाही. तिथे शाई खाचेत असते आणि ओला कागद त्या खाचेत घुसवावा लागतो. हाताने ते होत नाही, प्रेस लागतेच, शिवाय धातू खाणारं रसायन सांभाळावं लागतं. स्क्रीनप्रिंटिंग घरी होऊ शकतं, पण सपाट रंग आणि फोटोची आवड असेल तरच त्यात मजा. तुम्ही झाड कोरत तीन रविवार बसू शकलात, यावरून लिनो तुमच्या स्वभावाला मानवतो असं म्हणायला हरकत नाही. लाकडावर नंतर जा, तिथे रेषा ओढताना लाकडाच्या शिरांचंही ऐकावं लागतं.

दुसरा रंग खुणावू लागेल तेव्हा एकाच लिनोवर टप्प्याटप्प्याने कोरत फिक्यापासून गडदाकडे जाण्याची पद्धत बघा. १९५०च्या दशकाच्या अखेरीस पिकासोने फ्रान्समधल्या वालोरीसला मुद्रक आर्नेरा यांच्यासोबत ती मन लावून वापरली. तिच्यात मागे फिरता येत नाही, कारण आधीचा टप्पा कोरून गेलेला असतो. म्हणून हव्या तेवढ्यापेक्षा निदान निम्मे जास्त कागद पहिल्याच रंगात छापून ठेवावे लागतात. सहा महिने तरी एका काळ्यावरच राहा.

आवरताना काच आणि रोलरवरची शाई आधी रद्दी कागदावर उतरवा, मग थोडं खाद्यतेल लावून पुसा, शेवटी साबणाचं ओलं फडकं फिरवा. लिनो पाण्यात भिजत टाकू नका. गोणपाट पाणी पितं आणि ठसा वाकडा होतो. रोलर रबरावर टेकवून ठेवला तर तिथे सपाट पट्टा पडतो आणि पुढच्या प्रत्येक छापात ठराविक अंतराने फिकी रेघ येते, म्हणून तो टांगून ठेवा. जवसाच्या तेलाच्या शाईने माखलेली फडकी चुरगळून डब्यात कोंबू नका. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता बाहेर पडते आणि गोळ्याच्या आत ती साठत गेली की फडकं आपोआप पेटू शकतं. ती उघड्यावर सुटी पसरून पूर्ण वाळू द्या, किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

राहिला तुमचा झाडाचा ठसा. टाकू नका. शिरांमध्ये सुकलेली शाई जुन्या टूथब्रशने, जेमतेम ओल्या साबणाने काढा, लगेच पुसा आणि सपाट वजनाखाली रात्रभर ठेवा. एखादी शीर तरीही बुजलेली वाटली तर बारीक व्ही तिच्यातून एकदा हलकेच फिरवा. कोऱ्या चौकोनावर हात बसला की मग तो ३५-४० ग्रॅमच्या जपानी कागदावर छापा. हा कागद इतका पातळ असतो की सुकल्यावर पालथा केला तरी चित्र पाठीकडून स्वच्छ दिसतं, काळा फक्त जरा मऊ होतो. तसाच पालथा चौकटीत लावा. लेकीचं नाव सुलट वाचता येईल.